वाईटपणा माणसाच्या स्वभावातच असतो का? तो टळतच नाही का?

नाही. टळतो.

तुम्ही विचारलंय की कितीही शिकवा-सवरा, माणसातला दुष्टपणा कधी ना कधी बाहेर येणारच का, तो आपल्या घडणीतच आहे का. "माणूस असाच असतो" हे वाक्य मी रगड लोकांच्या तोंडून ऐकलंय. बोलणारा दरवेळी नुकतंच काहीतरी करून आलेला होता. बांध कोरून आलेला, भावाच्या नावाची सही स्वतः ठोकून आलेला, किंवा आमच्या दाजींसारखा स्वतःचा गोठा पहारीनं पाडून आलेला.

दाजींचं सांगतो, त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

आमचं गाव सीमाभागात, कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. नाव लिहीत नाही, दाजींना अजून तिथंच राहायचंय. मी डिप्लोमा सिव्हिल, घरबांधणीची छोटी कामं घेतो. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. त्यांचं घर खालच्या गल्लीत, नदीच्या अंगाला.

ऑगस्ट 2019 चा पूर या भागातल्या कुणाला समजावून सांगायला नको. वर घाटमाथ्याला पाऊस थांबेना, पाटगाव आणि काळम्मावाडी ही दोन्ही धरणं भरलेली, खाली कृष्णेचा फुगवटा, त्यामुळं वेदगंगा-दूधगंगेचं पाणी पुढं सरकेना. यमगर्णीजवळ पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला. आमच्या खालच्या गल्लीत पाणी रात्रीचं शिरलं.

तिथं एक आज्जी एकटीच राहायची. घरात कानडी, दारात मराठी. आमच्याकडं निम्मं गाव तसंच आहे, पेपरात काहीही छापून येऊ दे. पाणी उंबऱ्याला लागलं तरी ती निघेना, कारण तिची शेळी. बोट आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दाजींनी गुऱ्हाळावरची काहील, उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई, ओढत आणली. काहील कशी असते माहीतच असेल तुम्हाला, एका अंगाला वजन गेलं की उलटी. तिच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या ट्यूबा आवळल्या, स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि पोहत काहील ढकलत निघाले. पहिल्या खेपेला आज्जी. दुसऱ्या खेपेला शेळी. ती काहिलीत उभीच राहिना, म्हणून तिचे पाय टॉवेलानं बांधून आडवी घातली, तरी तिनं दाजींच्या हाताला शिंगाचा ओरखडा काढलाच. त्यानंतर सबंध गल्ली. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, त्यामुळं हे ऐकीव नाही. त्या रात्री तिथं बरेच जण होते, एकमेकांचे पिढीजात भांडखोरसुद्धा. "माणूस असाच असतो" हे कुणाच्या तोंडात आलं नाही.

पुढं पाणी ओसरलं. घरटी दहा हजार रुपयांची तातडीची मदत आली. तिथवर सगळं सुरळीत होतं. मग पडझडीच्या घरांची यादी सुरू झाली. ए, बी, सी. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख, तेही टप्प्याटप्प्यानं, जोतं झालं की फोटो, लिंटेल झालं की फोटो. सी म्हणजे डागडुजीपुरतं. पाच लाख हा आकडा गावात आला आणि त्याच्या मागोमाग एक अफवा आली, की प्रत्येक गावाला ए किती द्यायचे ते वरूनच ठरलंय. एकाला मिळालं म्हणजे दुसऱ्याचं गेलं. माझ्या मते सगळा खेळ या अफवेनं केला. पुरात एक माणूस काढला म्हणून दुसरा बुडत नव्हता. यादीत मात्र शेजारी म्हणजे आपल्या पाच लाखांवर बसलेला माणूस, असं लोकांना वाटायला लागलं.

मग रात्री ठकठक ऐकू यायला लागली.

इथं जरा धंद्याचं सांगतो. आमच्याकडची जुनी घरं भेंड्यांची. पांढऱ्या मातीचे कच्चे भेंडे, मातीतच रचलेले, वर कौलं. अशी भिंत चार दिवस पाण्यात उभी राहिली की खालून विरघळते. आधी पोट काढते, मग बुडातून बसते आणि कौलं-वासे घेऊनच खाली येते. ढिगारा बघाल तर कौलांचा चुरा मातीत कालवलेला, भेंडे ओळखू येत नाहीत, सगळ्याचा एक गोळा झालेला. पहारीनं पाडलेली भिंत वरून खाली येते. तिचे भेंडे कोपऱ्यासकट शाबूत निघतात, आतून कोरडे. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे कौलं. ज्यानं स्वतः पाडलंय त्यानं कौलं आधी उतरवून, झाडाखाली रांगेत लावून ठेवलेली असतात. फुकट कशाला फोडायची?

दाजींचा गोठा दगडी जोत्यावर होता. पाण्याची रेघ जोत्याच्या दगडावर, भेंड्यांच्या खाली हातभर. ती भिंत पुरानं पडणं शक्यच नव्हतं. सर्व्हे यायच्या आदल्या रात्री ती पडली. नुसती पडली नाही, राहिलेल्या अर्ध्या भिंतीला खिळा मारून देवाचा फोटो टांगला, कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली आणि तिच्यावर काजळी यावी म्हणून पाचट जाळलं. गव्हाण मात्र काढायची राहून गेली होती. घरात गव्हाण!

सर्व्हेला आलेला इंजिनिअर पोरगेला होता, दमलेला. दिवसभरात त्याला अजून दोन गावं करायची होती. टेप धरायला मी बरोबर होतो आणि वाट दाखवायला दाजी. पुरातला त्यांचा पराक्रम सगळ्यांना माहीत, त्यामुळं ते पुढं चालणार हे ठरल्यासारखंच होतं. आज्जीच्या दारात आलो. पुढची भिंत उभी होती. मागची पार गेली होती, माजघर उघडं पडलं होतं, खरं ते गल्लीतून दिसत नाही, बोळातून मागं जावं लागतं. दाजी म्हणाले, "मागं काय न्हाई साहेब, पुढं चला." इंजिनिअरनं सी लिहिलं.

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. आज्जीवर त्यांचा कसला राग नव्हता. महिन्यापूर्वी तिच्यासाठी जीव धोक्यात घातलेला माणूस. त्यांनी तिचं काही हिसकावलंही नाही. फक्त बोळात वळले नाहीत. तुम्ही ज्याला दुष्टपणा म्हणताय तो मी जवळून बघितला तो असा दिसतो. डोळे लाल नाहीत, दात-ओठ खाणं नाही. "पुढं चला साहेब."

मी म्हणालो, साहेब, मागची भिंत बघून घ्या. दाजींनी माझ्याकडं बघितलं. इंजिनिअर वैतागला, खरं मागं आला आणि फोटो काढले. पुढं गोठ्यापाशी त्यानं मलाच विचारलं, "हे घर आहे की गोठा?" मी म्हणालो, गोठा.

याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. त्या दिवाळीला भाऊबीजेला आक्का एकटीच आली.

यादी लागली. गोठा ए मध्ये, आज्जी सी मध्ये. मधल्या वाटेत कागदाचं काय झालं ते कागदालाच ठाऊक. आज्जीचा अर्ज, मागच्या बाजूचे फोटो, हेलपाटे, असं करत पुढं तिचं बी झालं. कागदं सगळी कन्नडमध्ये, ती तिला वाचता येत नव्हती, मलाही नाही. शेजारच्या पोरानं वाचून दाखवली.

यात खरी गोष्ट आक्काची आहे. लाभार्थ्यानं कुटुंबासह पडक्या घरासमोर उभं राहून फोटो द्यायचा होता. आक्का म्हणाली, "मी तिथं रोज शेण काढते. तिथं उभी राहून घर पडलं म्हणून तोंड पाडू? मी न्हाई येणार." दाजी ओरडले, सासूबाई ओरडल्या. ती गेली नाही. शेवटी दाजी आणि पोरगा असा दोघांचाच फोटो निघाला. ही बातमी दुपारपर्यंत पाणवठ्यावर पोचली. शेजारच्या दारातल्या एकीनंही मग नवऱ्याला सांगितलं की त्या फोटोत मला धरू नका. तिसरी मात्र उभी राहिली, चांगली साडी नेसून. तिलाही मी नावं ठेवत नाही, तिच्या घरात तीन पोरी लग्नाच्या होत्या.

आता दाजींचं म्हणणं. ते त्यांनी मला अनेकदा ऐकवलंय, लग्नात, बारशात, एकदा तर मयताहून येताना. "सगळ्यांनीच केलं. पाच लाख समोर दिसल्यावर हरिश्चंद्रसुद्धा पहार घेईल. तुझं घर वरच्या अंगाला, स्लॅबचं, पडलं न्हाई म्हणून तू साधू." यातलं शेवटचं खरं आहे. माझ्या घरात पाणी आलं नाही. बाकीचं खरं नाही. सगळ्यांनी केलं नाही. खालच्या गल्लीत ज्यांनी पहार उचलली नाही ती घरं जास्त होती, फक्त त्यांची चर्चा झाली नाही.

दाजी सप्ताहाला न चुकता बसणारे, त्यामुळं त्यांच्याकडं गीताही आहे. तिसऱ्या अध्यायात अर्जुन तुमचाच प्रश्न विचारतो: इच्छा नसतानाही, कुणीतरी जबरदस्तीनं ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? कृष्ण सांगतो, रजोगुणातून येणारा काम, क्रोध. दाजी इथं हात जोडतात. बघ, देवानंच सांगितलंय. अहो दाजी, अध्याय तिथं संपत नाही की! पुढच्या चार-पाच श्लोकांत तोच कृष्ण सांगतो की म्हणून आधी इंद्रियं आवर आणि त्या पाप्याला मार. जे टळणारच नाही त्याला मार म्हणून कोण कशाला सांगेल? खरं तिथपर्यंत वाचायला पाच लाख आडवे येतात.

शिकलेले लोकही हेच करतात, फक्त त्यांचा ग्रंथ वेगळा. 1961 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमनं प्रयोग सुरू केले. दुसऱ्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत चढवत. झटके खोटे, ओरडणं खोटं, पण बटण दाबणाऱ्याला ते खरं वाटत होतं. पाठीशी कोट घातलेला एक साहेब, चालू ठेवा म्हणणारा. 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा तुम्हाला कुठंही ऐकायला मिळेल, "माणूस असाच असतो" याच्या पुराव्यादाखल. त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार सहसा कुणी सांगत नाही. त्यात बटण दाबणाऱ्याच्या शेजारी अजून दोघं बसवले होते आणि ते मधेच उठून म्हणाले, आम्ही करणार नाही. तेव्हा शेवटपर्यंत गेले 40 पैकी फक्त 4. साहेब खोलीतून जाऊन फोनवरून हुकूम सोडायला लागला तेव्हाही ऐकणारे साधारण पाचातला एक एवढेच उरले. स्वभाव तोच, यंत्र तेच, मग आकडा एवढा कसा घसरला? जे रक्तात आहे ते शेजारी कोण बसलंय यावर कमी-जास्त होत नसतं.

आमच्या भागात याला प्रयोगशाळा लागत नाही. सीमाभागात वातावरण तापलं की पहिला मार बसतो एसटीला. इकडची बस तिकडं, तिकडची इकडं, काळं फासायचं, काचा फोडायच्या. रुमाल तोंडाला बांधून दगड मारणारी यातली काही पोरं एरवी त्याच बसनं कोल्हापूरला नाहीतर बेळगावला जातात, म्हाताऱ्याला उठून जागा देतात, मी बघितलंय. रुमाल आणि घोळका, दोन्ही काढून घ्या, एकट्याला त्याच बससमोर दगड देऊन उभा करा. दगड खाली ठेवेल. दोन्ही भाषांतल्या पोरांबद्दल बोलतोय. "ते लोकच तसले" हे वाक्य मला दोन्ही बाजूंनी ऐकून कंटाळा आलाय. तसल्यांपैकीच एका आज्जीची शेळी आमच्या दाजींनी काढली.

आता माझ्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी. एक म्हणजे, मारणं-बोचकारणं पोरांना शिकवावं लागत नाही. रिचर्ड ट्रेंब्ले या कॅनडातल्या अभ्यासकानं मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला तेव्हा दिसलं की हाणामारी सगळ्यात जास्त होते ती दोन-तीन वर्षांच्या वयात, पुढं बहुतेकांची ती कमी होत जाते. घरात लहान पोर असेल तर अभ्यासकाची गरज नाही. म्हणजे कच्चा माल आत आहे, हे मला मान्य. आवरणं शिकावं लागतं. दुसरं, मिलग्रॅमच्या प्रयोगावर नंतर टीकाही रगड झाली, काहींना झटके खोटे असल्याचा संशय आला होता वगैरे. आणि तिसरं सगळ्यात वाईट. जुलै 1942 मध्ये पोलंडमधल्या युझेफूव गावात जर्मन राखीव पोलिसांच्या एका बटालियनला ज्यूंना गोळ्या घालायला नेलं. सुमारे 500 माणसं, बरीचशी हँबर्गकडची, मध्यमवयीन, साधे कामधंदे करणारी. त्यांच्या मेजरनंच आधी सांगितलं की ज्याला हे झेपणार नाही त्यानं बाजूला व्हावं. सुरुवातीला डझनभर लोक झाले. बाकीचे उभे राहिले आणि त्या दिवशी सुमारे 1500 माणसं मारली गेली. बाजूला झालेल्यांना कुणी फासावर दिलं नाही. तेव्हा पहिला नकार द्यायला माणसं किती मिळतात, यावर मी फार मोठ्या तोंडानं बोलत नाही. काही थोडी माणसं खरंच अशी असतात की त्यांना दुसऱ्याचं दुःख पोचतच नाही, त्यांच्याबद्दलही हे उत्तर नाही. हे उत्तर तुमच्या-माझ्याबद्दल आणि दाजींबद्दल आहे.

तुम्ही कशासाठी विचारलंय ते तुम्ही लिहिलं नाही. कुणी तुमचं वाकडं केलं असेल आणि त्याला माफ करावं की नाही असा प्रश्न असेल, तर ते तुमचं तुम्ही बघा, मी अजून भाऊबीजेवर अडलोय. तुमच्याच हातून काही व्हायच्या बेतात असेल तर घरात कुणालातरी आधी सांगा, शक्यतो आक्कासारख्या बाईला. आणि माणसाचा स्वभाव काय यावर निकाल द्यायची घाई असेल तर माझं म्हणणं एवढंच, की तो निकाल ज्यानं पाच लाख घेतलेत त्याच्याकडून लिहून घेऊ नका. दाजी, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे, आक्काच्या मोबाईलवर सगळं वाचता. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी कुठंही लिहिलेलं नाही. तुम्हीच म्हणताय.

जुलै 2021 ला पाणी परत चढायला लागलं. तेव्हा ते गल्लीत शिरायच्या आधी मी छत्री घेऊन फिरलो आणि खालच्या गल्लीतल्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, जोत्यासकट, चारी बाजूंनी, गोठेसुद्धा. खाली एक अक्षर न लिहिता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिले. पंधरा-वीस जणांनी अंगठा दाखवला, दोघं ग्रुप सोडून गेले. दाजींनी काहील बाहेर काढली, याही वेळी सगळ्यांच्या आधी. त्या वर्षी आमच्या गल्लीत रात्रीची ठकठक ऐकू आली नाही. दाजी म्हणतात, पाणी कमी होतं म्हणून.